भंगाराचा कंटेनर परदेशी पाठवण्याआधी गठ्ठा फोडून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वीकडच्या एका तरुण भंगार व्यावसायिकाच्या आवारात चार प्रकारचा माल साठलाय. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंग पेपर, ट्रॅक्टर-इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, गारपिटीत फुटलेले सोलर पॅनल आणि पंपाच्या कंट्रोलरमधल्या सर्किट प्लेटा, आणि गावातलं एक कृषी सेवा केंद्र बंद झालं तेव्हा उचललेल्या, मुदत संपलेल्या फवारणीच्या औषधांच्या पेट्या. व्हॉट्सॲपवर ओळख झालेला दुबईचा एक व्यापारी म्हणतो, सगळं ‘मिक्स स्क्रॅप’ लिहून एकाच चाळीस फुटी कंटेनरमध्ये भरा, मी घेतो. बदल्यात तो या तरुणाच्या मेहुण्याच्या टायर-तेलाच्या भट्टीसाठी जुने टायर पाठवणार. आयईसी निघालाय, जीएसटी आहे. आता पाठवायला हरकत काय?

हरकत आहे, भाऊ. नळ्या निवडून-धुऊन त्यांचं काहीतरी होईल, तेही बहुधा इथेच. बॅटऱ्या आणि पॅनल तुमच्या नावाने देशाबाहेर जाणार नाहीत. औषधांच्या पेट्या जिथे आहेत तिथून हलवू नका, आणि टायरचा सौदा आजच मोडा. आयईसी म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा नंबर, बस. कुठला माल चालतो आणि कुठला नाही, ते त्यावरून ठरत नाही.

मी नागपूरला बसून बरीच वर्षं हीच कागदपत्रं करतो. तुमच्यासारखे फोन आले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘कोणते फॉर्म लागतात तेवढं सांगा.’ फॉर्म सांगतोच, पण आधी माल काय आहे ते ठरायला पाहिजे. ते ठरतं तुमच्या आवारात, गठ्ठा बांधताना. बंदरात नुसती तपासणी होते.

हा कायदा आला कुठून, ते एका प्रसंगात सांगतो, कारण तो तुमच्यासारख्याच एका आवारातला आहे. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको नावाच्या बंदरगावी एका स्थानिक माणसाच्या जागेत इटलीहून आलेले विषारी कचऱ्याचे हजारो ड्रम सापडले. महिना साधारण शंभर डॉलर भाड्याने त्याने ती जागा दिली होती. बोभाटा झाल्यावर इटलीला तो माल जहाजात भरून परत न्यावा लागला. पुढच्याच वर्षी, २२ मार्च १९८९ रोजी, बेसल करार झाला आणि ५ मे १९९२ पासून लागू झाला. भारतही १९९२ मध्येच त्यात आला. कराराचं मर्म असं: घातक कचरा पाठवणाऱ्या देशाने आधी लेखी कळवायचं, घेणाऱ्या देशाने लेखी होकार द्यायचा, जहाज ज्या देशांतून जाणार त्यांनाही विचारायचं, आणि मगच माल हलवायचा. पाठवणाऱ्याच्या लबाडीने बेकायदा माल गेला, तर तो परत आणायची जबाबदारी पाठवणाऱ्याची, आणि त्याने हात वर केले तर त्याच्या देशाची. त्यामुळे दिल्लीतलं पर्यावरण मंत्रालय अशा अर्जांवर सहजासहजी सही करत नाही. उद्या तुमचा कंटेनर तिकडे अडकला तर उत्तर त्यांना द्यावं लागतं.

आपल्याकडे यासाठी २०१६ चे घातक व इतर कचरा नियम आहेत. त्यातलं तिसरं परिशिष्ट एकदा नीट वाचा. त्याच्या ‘अ’ भागातल्या मालाला समोरच्या देशाची पूर्वसंमती लागते. ‘ब’ भागाला मंत्रालयाची परवानगी पुरते. ‘ड’ भागातला माल, म्हणजे लोखंड-तांबं-ॲल्युमिनियमचं स्वच्छ भंगार, रद्दी कागद वगैरे, आयात करताना मंत्रालयात जावं लागत नाही, पण ठरलेली कागदपत्रं कस्टमसमोर ठेवावी लागतात. सहावं परिशिष्ट आयातीला बंद असलेल्या मालाचं. निर्यात करायची तर ‘अ’, ‘ब’ आणि सहाव्या परिशिष्टातल्या मालासाठी फॉर्म ५ मध्ये मंत्रालयाकडे अर्ज, सोबत विम्याचं संरक्षण, आणि ‘अ’ व सहाव्यासाठी घेणाऱ्या देशाची लेखी संमती. पूर्ण अर्ज हातात आल्यापासून मंत्रालयाला साठ दिवस असतात. यात ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक कागद कमी असला की ते साठ दिवस सुरूच होत नाहीत. माल निघाल्यापासून पोहोचेपर्यंत फॉर्म ६, म्हणजे हालचालीचा दस्तऐवज, त्याच्याबरोबर फिरतो.

‘मिक्स स्क्रॅप’ नावाची वस्तू यातल्या कुठल्याच यादीत नाही. ते नाव लिहायला कोणी सांगितलं की मला त्या माणसाचा हेतू कळतो.

आता नळ्यांकडे येऊ. वर्धा, अमरावती, यवतमाळ पट्ट्यात हा माल यापुढे वाढतच जाणार आहे आणि त्याबद्दल गैरसमजही फार आहेत. १ जानेवारी २०२१ पासून प्लास्टिक कचऱ्याचे बेसल करारात सरळ तीन भाग झाले. स्वच्छ, एकाच जातीचं आणि पुनर्वापरालाच जाणारं प्लास्टिक कराराच्या यादीतल्या बी३०११ या नोंदीत येतं. त्याला संमतीची भानगड नाही. विषारी काही लागलेलं प्लास्टिक ए३२१० मध्ये. आणि मधलं सगळं, म्हणजे मिसळलेलं, मळलेलं, वाय४८ मध्ये, ज्याला पूर्वसंमती लागते. व्यापारी तुम्हाला सांगणार की पॉलिथिन आहे, बी३०११ मध्ये बसतं. कागदावर बसतंही. पण शेतातून गुंडाळून आणलेली नळी म्हणजे नुसतं पॉलिथिन नसतं ना.

एका ड्राय पोर्टवर, म्हणजे समुद्रापासून लांबच्या कस्टमच्या कंटेनर डेपोत, मी पाहिलेला गठ्ठा सांगतो. शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदावर, ‘धुतलेलं एलडीपीई (पॉलिथिनची एक जात) स्क्रॅप’ असं लिहिलेलं. अधिकाऱ्याने पट्टी कापली तशी काळ्या मातीची वाळलेली ढेकळं खाली आली. एक नळी उभी चिरली तर ड्रिपरभोवती खतांच्या क्षारांचा पांढरा थर. आणि गठ्ठ्याच्या पोटात राखाडी रंगाचा पीव्हीसीचा एल्बो आणि सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या जाड पाइपचा, हातभर तुकडा. माती एक वेळ धुऊन निघेल, पण पीव्हीसीत क्लोरीन असतं आणि बी३०११ च्या सवलतीत पीव्हीसी बसत नाही. लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, आणि सबमेन एकाच गाठीत बांधल्या की ती गाठ वाय४८ झाली. ज्याचा माल होता तो म्हणाला, ‘मजुरानं टाकला जी, मले काय माहीत.’ खरंही असेल ते, पण नोटीस काही मजुराच्या नावाने निघत नाही. कंटेनर परत आला. भाडं, डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) आणि हमाली मिळून त्याच्या मालाची किंमत केव्हाच मागे पडली होती.

तुमचा माल कितपत स्वच्छ आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा वेगवेगळ्या गुंडाळ्यांतून वीतभर तुकडे घ्या, उभे चिरा, माती झटका आणि पाण्याच्या बादलीत टाका. पॉलिथिन पाण्यावर तरंगतं, पीव्हीसी बुडतं. चिरायचं विसरू नका, नाहीतर आत अडकलेल्या मातीने चांगली नळीही बुडते. रबरी ग्रोमेट, जोडणीच्या पिना, बांधलेली तार हे हातानेच काढावं लागतं, त्याला मशीन नाही. मल्चिंग पेपरच्या नादी मात्र लागू नका. तो इतका पातळ असतो की काट्यावर पेपरपेक्षा मातीच जास्त चढते, आणि धुवायला लागणारं पाणी उन्हाळ्यात आपल्याकडे प्यायलाही पुरत नाही.

एवढं करून नळी स्वच्छ झाली, तर मग ती परदेशी का पाठवायची, हा माझा प्रश्न. प्लास्टिक नियमांखाली नोंद असलेला दाणा बनवणारा ती घेतो. धुऊन, कापून, वितळवून एकसारखा दाणा झाला की तो कच्चा माल होतो. मग तुमच्या मागची कचऱ्याची कटकट संपते. शिवाय प्लास्टिक कचऱ्याला हात न लावणाऱ्या जहाज कंपन्याही आहेत. सीएमए सीजीएम या मोठ्या कंपनीने जून २०२२ पासून तो नेणं बंद केलं. दर थोडा कमी मिळेल, मान्य. पण तो पैसा आठवडाभरात हातात येतो.

बॅटऱ्यांचा विषय सोपा आहे आणि धोकादायकही. शिसं-आम्लाची बॅटरी, अख्खी असो की फोडलेली, बेसलच्या घातक यादीत ए११६० म्हणून आहे. पूर्वसंमतीशिवाय ती देशाबाहेर जात नाही. अनेकांना वाटतं की आतलं पाणी ओतून कोरडी केली की ते साधं शिसं होतं. तसं होत नाही. उलट ते ‘पाणी’ म्हणजे सल्फ्युरिक आम्ल असतं, त्यात शिसंही उतरलेलं असतं, आणि आवाराच्या मागे नाल्यात ओतलं की खालच्या विहिरीपर्यंत जातं. कोरड्या वजनाचा दर मिळतो म्हणून पोरं झाकणं काढून बॅटऱ्या उलट्या घालतात, हे मी अकोला-अमरावती रोडवर उघड्यावर चाललेलं पाहिलंय. ओली बॅटरी म्हणजे धोक्याच्या मालाच्या वाहतूक यादीत यूएन २७९४, आठव्या वर्गातला म्हणजे आम्लासारखा कातडी-धातू खाणारा माल. ती उभी, टोकं झाकून, आम्ल न झिरपणाऱ्या तळावरच न्यायची. बॅटरी कचरा नियम २०२२ मध्ये आले. त्यांच्याखाली नोंद असलेल्या रिसायकलरला आम्लासकट द्या, पावती घ्या, आणि पावतीवर वजन आणि नग दोन्ही लिहून घ्या.

पॅनल आणि सर्किट प्लेटांचं गणित १ जानेवारी २०२५ ला बदललं. त्याआधी बेसलमध्ये घातक नसलेल्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला एक मोकळी वाट होती. तिच्यातून जगभर जुने संगणक ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून फिरायचे. आता घातक असेल तर ए११८१, घातक नसेल तर वाय४९, पण संमती दोन्हींना लागते. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल थेट धरले आहेत. त्यामुळे काच फुटलेला पॅनल म्हणजे काच आणि ॲल्युमिनियम, हा युक्तिवाद चालत नाही. ॲल्युमिनियमची चौकट सोडवून विकायची आणि उरलेलं शेताच्या बांधावर फेकायचं, हेही नियमात बसत नाही. सर्किट प्लेटांतून सोनं-तांबं काढायला परदेशी भट्ट्यांकडे माल जातो हे खरं आहे. पण तो पाठवतात नोंदणीकृत रिसायकलर, मोठ्या साठ्याने, परवानगीच्या फाइली घेऊन. तुम्ही त्यांना माल द्या.

औषधांच्या पेट्यांबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात फवारणी करताना माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुदत संपलेलं कीटकनाशक बेसलच्या यादीत ए४०३० आहे. प्लास्टिकच्या गाठीआड ते कंटेनरमध्ये लपवणं म्हणजे परवानगीविना घातक कचऱ्याची वाहतूक. आणि वाटेत बाटली फुटली तर कंटेनर उघडणाऱ्या हमालाच्या जिवाशी खेळ. कीटकनाशकाच्या नियमांत मुदत संपलेला साठा वेगळा काढून त्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून ठेवायचा आणि रीतसर विल्हेवाट लावायची, असं विक्रेत्यावर बंधन आहे. म्हणजे मुळात तो साठा तुम्ही उचलायला नको होता. पेट्या न फोडता, छपराखाली, पक्क्या जमिनीवर ठेवा. बाटल्यांवरची नावं, बॅच नंबर आणि मुदत यांची यादी करा, फोटो काढा. मग कंपनीच्या वितरकाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयालाही. पुढचा रस्ता बुटीबोरीच्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे जातो. चंद्रपूरकडच्या सिमेंट भट्ट्यांत कचरा जाळतात असं तुम्ही ऐकलं असेल. तिथे साधारण १४०० अंशांच्या वर तापमान असतं हे बरोबर, पण तिकडेही मंडळाच्या परवानगीने आणि चाचणी करूनच माल जातो. टेम्पो भरून गेटवर उभं राहून चालत नाही.

असा माल हलवणं किती अवघड असतं याचं उदाहरण आपल्याच दारात घडलंय. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला साडेतीनशे टनांच्या आसपासचा कचरा नागपूरजवळ बोरखेडीच्या संरक्षण खात्याच्या भट्टीत जाळायचा, असं २०११ मध्ये ठरत होतं. इथे विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, आणि ते थांबलं. मग विमानाने जर्मनीत नेऊन जाळायची योजना आली. २०१२ मध्ये तीही बारगळली. शेवटी तो कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला गेला आणि तिथे जाळला गेला. जिथे सरकारं सरकारांशी बोलत होती तिथे ही गत. जमलेलं उदाहरणही आहे: कोडाईकनालच्या बंद पडलेल्या थर्मामीटर कारखान्यातला सुमारे २९० टन पारायुक्त माल २००३ मध्ये अमेरिकेला गेला. पण त्यामागे स्थानिक लोकांचा आणि कामगारांचा लढा होता, आणि खर्च एका मोठ्या कंपनीच्या खिशातून गेला.

टायर. २०१६ च्या नियमांतल्या जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर तेल किंवा काजळी काढण्यासाठी जुने टायर आयात करायला बंदी आहे. जसेच्या तसे गाडीला लावून वापरायचे टायर तर सहाव्या परिशिष्टातच आहेत. ‘दुसऱ्या नावाने आणू’ असं व्यापारी म्हणाला तर लक्षात घ्या, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, मेहुण्याच्या नावाने असेल, त्याच्या नव्हे. बेकायदा ठरलेला माल आल्यापासून नव्वद दिवसांत आयातदाराने स्वखर्चाने परत पाठवायचा असतो. तोवर बंदराचं भाडं आणि कंटेनरचं डिटेन्शन सुरूच. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १ एप्रिल २०२४ पासून दंड दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे, आणि कस्टम मालावर जप्ती आणते ती वेगळी.

आयात मुळीच करता येत नाही असं नाही. वितळवणारा कारखाना असेल, मंडळाची संमती असेल, तर धातूचं भंगार आणता येतं. व्यापाऱ्याला फॉर्म ७ वर एकदाची परवानगी काढून खऱ्या वापरकर्त्यासाठी आणता येतं. माल निघण्याआधी तिकडच्या मान्य संस्थेचं तपासणी प्रमाणपत्र लागतं, त्यात किरणोत्सर्ग नाही आणि स्फोटक नाही हे लिहिलेलं असतं. ही नुसती औपचारिकता समजू नका. २००४ मध्ये गाझियाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातून आलेले तोफगोळे फुटून दहा कामगार गेले, त्यानंतर हे सगळं कडक झालं. रद्दी कागद आणणाऱ्या गिरण्यांनी एक तारीख लिहून ठेवावी: २१ मे २०२७ पासून युरोपीय संघ आपल्यासारख्या देशांना असा कचरा पाठवू देईल तो फक्त त्यांच्या यादीत नाव असलेल्या देशांनाच.

तुमच्या दुबईवाल्याकडे परत येतो. त्याला एकच गोष्ट विचारा: माल शेवटी कोणत्या कारखान्यात, कोणत्या देशात जाणार, आणि त्या कारखान्याचा परवाना दाखव. खरा खरेदीदार असेल तर त्याला हे सांगायला दोन दिवसही लागत नाहीत, कारण पाठवणारा आणि घेणारा यांच्यातल्या करारात तसं कलमच लागतं, कचऱ्याचं पर्यावरणाला धरून व्यवस्थापन कोण करणार ते. नुसता मधला दलाल असेल तर तो म्हणेल, ‘ते माझ्यावर सोडा.’ मग माल दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरून पुढे कुठल्यातरी तिसऱ्याच देशात जाणार. तिथे पकडला गेला की कागदावर पाठवणारा म्हणून नाव कोणाचं आहे ते बघितलं जातं. आर्वीचा पत्ता, तुमचा जीएसटी, तुमचा मोबाइल.

सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करून देणारा एजंट, त्याच्याबद्दलही एक. चांगला सीएचए माल न बघता शिपिंग बिल भरत नाही. बोरखेडीच्या ड्राय पोर्टवर काम करणारे जुने लोक फोटो मागतात, गठ्ठे उघडून मागतात. त्यांचा राग मानू नका. आणि ‘साहेबांशी सेटिंग आहे’ म्हणणाऱ्याला टाळा, कारण न्हावा शेव्याला तपासणारा साहेब वेगळा असतो आणि पलीकडच्या बंदरातला त्याहून वेगळा.

व्यापाऱ्याकडून ॲडव्हान्स घेतला असेल तर ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत करा, रोख नको. त्याच्या व्हॉट्सॲपवर लिहा की हा माल नियमात बसत नाही म्हणून सौदा रद्द करतोय. ती सगळी चॅट, त्याच्या ‘मिक्स स्क्रॅप लिहा’ या मेसेजसकट, डिलीट न करता कुठेतरी उतरवून ठेवा.